ताईची खोटी पुतळी

ताई, तुझ्या गळ्यातला काळा दोरा मीच कापला. कात्री आधी मीनाच्या हातात दिली होती. तुझी एकुलती एक लेक, तिनेच कापावा असं बायकांचं म्हणणं. पण तिने ती परत माझ्या हातात दिली. "मावशी, मुझसे नहीं होगा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. अंगणात तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. बांगड्या तर कधीच्या सैल झालेल्या, आपोआप निघाल्या. दोरा मात्र मानेत रुतून बसला होता. इतकी वर्षं तिथे होता की त्याच्याखालची कातडी एखाद्या लहान मुलीसारखी कोवळी राहिली होती. मी कात्री चालवली आणि पुतळी माझ्या तळहातावर पडली. मला ती कोमट लागली. उन्हाळा आहे, म्हणून असेल.

या पुतळीवरून आपला वाद चालू होता. वाद अर्धा टाकून उठून जायची तुझी जुनी सवय. "थांब, दूध उतू जाऊन राहिलं," म्हणायचीस आणि आत जायचीस. या वेळीही मी तशीच बसून राहिले, तू बाहेर येशील म्हणून.

मी हे पुस्तकी मराठीत लिहिते आहे, म्हणून हसशील. जन्मभर दुर्गच्या शाळेत हिंदी शिकवली, तुझ्याशी घरच्या बोलीत बोलले, आणि मराठी लिहायला बसलं की धड्यातली भाषाच हाताशी येते. "शालू, तू लिहिते तं वाटते कलेक्टर बोलून राहिला," असं तू म्हणायचीस. म्हणू दे. मला दुसरं येत नाही.

आपल्या घरात एक शब्द कधी बोलला गेला नाही. तू रांगत होतीस तेव्हा तुझी आई गेली. वर्षभरात बाबांनी दुसरं लग्न केलं. ती माझी आणि आपल्या धाकट्या भावाची, मनोहरची आई. तूही तिलाच आई म्हणत मोठी झालीस. सावत्र हा शब्द आपल्या गावच्या, तुमसरच्या शेजारणी कुजबुजायच्या, आपण नाही. मला तर तो तुझ्या लग्नात कळला. कन्यादानाच्या वेळी आत्या पदरात तोंड लपवून म्हणाली, "आज इची माय पाह्यजे होती." मी तिला म्हटलं, "आई तर इथंच आहे." तेव्हा ती आणखी रडली.

आईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असायची. सोन्याची पातळ पातळ नाणी, दोऱ्यात ओवलेली. सगळ्यांवर दोन माणसं, एक उभं, एक गुडघ्यावर. आपण त्यांना राम-सीता म्हणायचो आणि ती गुडघ्यावरची सीता की हनुमान यावरून भांडायचो. मधली एकच पुतळी निराळी. तिच्यावर टोकदार दाढीचा एक माणूस, गळ्याभोवती झालरीसारखी भली मोठी कॉलर, आणि मागच्या बाजूला ढालीवर शेपटी उडवणारं कुठलं तरी जनावर. मनोहरच्या बायकोने एकदा माळ नव्याने ओवायला दिली, तेव्हा गावच्या सोनाराने सांगितलं, "सोनं चोख आहे, पण हिचा शिक्का खोटा आहे." त्या दिवसापासून तिचं नाव खोटी पुतळी पडलं.

आई शेवटच्या दुखण्यात होती. तिने आपल्या तिघांना जवळ बसवलं, माळेचा दोरा तोडायला लावला आणि पितळी ताटात पुतळ्या मांडल्या. एक ढीग मनोहरच्या बायकोकडे सरकवला, एक माझ्याकडे. मग ती दाढीवाली उचलून तुझ्या हातावर ठेवली. तेवढी एकच. म्हणाली, "ही तुही."

बस, एवढंच. आई मुळातच कमी बोलायची, आणि तेव्हा तर बोलायला दमही नव्हता.

माझ्या कानशिलाला आग लागली होती, ताई. माझीच सख्खी आई, आणि मला तिची लाज वाटली. बाहेर आल्यावर माझ्या वाट्याच्या पुतळ्या मी तुझ्यापुढे केल्या. तू माझी मूठ मिटवलीस आणि म्हणालीस, "ठेव तुह्या तुलेच. मले आईनं निवडून देली."

आपला वाद तिथे सुरू झाला. मी म्हणायचे, आईने तुला उरलेली दिली, खोटी दिली, सावत्र म्हणून दिली. तू म्हणायचीस, वेगळी होती म्हणून वेगळी दिली. मी "ही तुही" हे आईचे शब्द तुसडेपणाने म्हणून दाखवायचे, तू तेच शब्द मऊ आवाजात म्हणायचीस. दोघींना वाटायचं, आपण आईचा अगदी हुबेहूब आवाज काढतो आहोत.

भिलाईला परत येऊन तू ती काळ्या दोऱ्यात घातलीस आणि पुन्हा काढली नाहीस. भाऊजी प्लांटमध्ये क्रेनवर होते. शिफ्ट सुटून त्यांना उशीर झाला की तू क्वार्टरच्या फाटकात उभी राहून पुतळी दातांत धरायचीस. त्यांची सायकल वळणावर दिसली की सोडायचीस. मी हे रोज पाहिलं आहे, कारण कॉलेजची सगळी वर्षं आणि पुढे नोकरी लागल्यावरही मी तुझ्याकडेच होते. तुझ्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, सतरंजीवर, तू आणून दिलेल्या टेबललॅम्पखाली मी शिकले. आईने मला गावात ठेवून लग्न उरकलं असतं. तू स्वतः जाऊन तिला सांगितलंस, "शालूले मी नेतो." आई तुला नाही म्हणाली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, सावत्र लेकीला कसं अडवायचं म्हणून ती गप्प बसली.

मग ते प्रदर्शन. दुर्गला कचेरीचं काम आटोपून आपण परतत होतो. ऊन इतकं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. एका हॉलबाहेर जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनाचा फलक होता. तू म्हणालीस, "चाल, आत पंखे असतीन." पंखे होते. नाणी पाहणारं फारसं कोणी नव्हतं. एका टेबलामागे रायपूरचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातले. त्यांच्या पेटीत दोन पुतळ्या होत्या, आईच्या होत्या तशाच. तू म्हणालीस, "आमच्या राम-सीता इथं काहून बसल्या?"

ते हसले. म्हणाले, "बाई, हे राम-सीता नाहीत. या पुतळ्या व्हेनिस नावाच्या शहरातल्या. तिकडचे व्यापारी मसाला आणि कापड न्यायला यायचे, हे सोनं देऊन जायचे. आपल्या सोनारांनी कड्या लावून बायकांच्या गळ्यात घातलं. हा उभा आहे तो त्यांचा संत, आणि गुडघ्यावर आहे तो त्यांचा राज्यकर्ता."

"म्हंजे हनुमानच," तू माझ्याकडे बघून म्हणालीस. "मी म्हणत नव्हतो?" आणि मग सहज दोरा बाहेर ओढलास. "हा कोण होय मंग?"

तू गळ्यातून काढायला तयार नव्हतीस. ते बिचारे भिंग घेऊन टेबलावरून वाकले, परस्त्रीच्या गळ्याशी इतकं वाकायचं म्हणून ओशाळले, "माफ करा हं," म्हणाले. मग भिंग हलेना. तू मान वर करून छताकडे बघत उभी. शेवटी ते खुर्चीत बसले आणि पाणी प्यायले.

"हा राजा नाही," ते म्हणाले. "युरोपातला एक सरदार, गावंच्या गावं ताब्यात असलेला. त्यांच्या बादशहाने त्याला नाणी पाडायची मुभा दिली, आणि याने सोन्यावर स्वतःचं तोंड छापून घेतलं. फार थोडी पाडली, त्यातली बहुतेक पुढे वितळली. मी याचं फक्त चित्र पाहिलं होतं. बाई, हे नाणं तुमच्याकडे कसं आलं?"

"आईनं देलं." मग विचार करून तू विचारलंस, "बादशा नाई, राजा नाई, पण गावं याचे. म्हंजे मालगुजार होय का?"

"हां," ते म्हणाले, "मालगुजारच."

त्यांनी बजावून सांगितलं, याला घासू नका, पॉलिश करू नका, गळ्यात तर मुळीच घालू नका, सोनं झिजतं. तू दोरा पुन्हा पदराआड सारलास. "झिजन तं माह्याच आंगाले लागन ना?"

रिक्षात मी आनंदाने वेडी झाले होते. मला वाटलं, आईचा डाव उलटला. तिने टाकाऊ म्हणून दिलेलं सगळ्या माळेहून मोलाचं निघालं! तू मात्र जरा हिरमुसली होतीस. पुलाशी आल्यावर म्हणालीस, "इतके दिवस खोटी होती तं कशी माही होती."

तुझं खरं ठरलं. मीनाने कौतुकाने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि भाऊजी गेल्यावर तू मीनाबरोबर राहायचीस त्या रुआबांध्याच्या घरी लोक पुतळी बघायला यायला लागले. तू भाजी निवडत बसायचीस आणि लोक तुझ्या गळ्याकडे बघून बोलायचे. मग मनोहरचा फोन आला. तुझे हात पिठात होते, म्हणून मीनाने स्पीकर लावला, आणि ते मीही ऐकलं.

"ताई, तुले खोटी समजून देली होती. आता खरी निघाली तं सगळ्याईनं मिळून विचार कराव लागन. शेवटी ते आमच्या आईची माळ होय."

आमच्या. धाकटा भाऊ, ज्याला तू कडेवर घेऊन वाढवलंस, त्याच्या तोंडून हा शब्द आला. तू एवढंच म्हणालीस, "हो रे बाबू, तुमच्याच आईची." आणि पीठ मळत राहिलीस. त्या दिवशीच्या पोळ्या कडक झाल्या होत्या.

त्यानंतर मनोहर आला नाही. राखीला नाही, भाऊबीजेलाही नाही. तू ताट तयार करायचीस, संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायचीस आणि मग शेजारच्या मुलांना वाटायचीस. आणि तिथून आपला दुसरा वाद. "देऊन टाकू का त्याले? त्याचा राग तं जाईन." मी म्हणायचे, "अजिबात नाही. हक्काची गोष्ट आहे. लॉकरमध्ये ठेव, मीनाच्या नावाने कर." तू म्हणायचीस, "लॉकरमंधी ठेवाले तो काय मुर्दा होय?" आणि मी म्हणायचे, "आईने एकदा तुला कमी दिलं, आता जे दिलं तेही परत द्यायचं?"

मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. पण तू रोज दुपारी फाटकाकडे तोंड करून बसायचीस, तेही मला दिसत होतं.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी तू नळ्यांमधून हात सोडवून पुतळी चिमटीत धरलीस. दोरा निघत नव्हता. म्हणालीस, "मन्याले दे. त्याले म्हण, वाटा नाई, पुरी घे." मी म्हटलं, "तू बरी हो आणि तूच दे." तू डोळे मिटलेस. तुझ्या या बोलण्यावर मला खूप काही म्हणायचं होतं. पण दमलीस, झोपू द्यावं, असं वाटलं.

मनोहर अंत्यसंस्काराला आला. शिवनाथ नदीच्या काठी एका बाजूला उभा राहिला आणि पाण्याचा घोटही न घेता संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तेराव्याला पुन्हा आला तो आत्याला घेऊन. आत्या आता कानाने गेली, पण नजर घारीची. जेवणं व्हायची होती. मीना, आत्या, आम्ही दोघं, एवढेच खोलीत होतो. पुतळी माझ्या कमरेला खोचलेली. ताई, खरं सांगते, द्यायची नाही असं मी सकाळपर्यंत ठरवलं होतं. पण मनोहर आला, दारात चपला काढल्या आणि तुझी चप्पल तिथेच होती, तिच्याशेजारी आपल्या नीट जुळवून ठेवल्या. ते पाहिल्यावर माझ्याने राहवेना.

"मनोहर, हात कर," मी म्हटलं. पुतळी त्याच्या तळहातावर ठेवली. "ताईने तुला दिली आहे. म्हणाली, वाटा नाही, पुरी घे."

तो हाताकडे बघतच राहिला. तेवढ्यात आत्या पुढे सरकली. "काय होय ते? दाखव." तिने पुतळी उचलून डोळ्यांपाशी नेली. आत्याच्या झाडी बोलीत 'ळ'चा 'र' होतो, पुतळीची पुतरी होते. म्हणाली, "हे तं यमूची पुतरी. याले काहाले देता?"

"यमू कोण?" मीनाने तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"तुह्या मायची माय."

आत्या आपल्याच नादात सांगत राहिली. तुझ्या आईला ती माहेराहून आली होती. कोण्या जुन्या सावकाराच्या घरचं सोनं, असं म्हणत. "यमू मेली. मंग शालूची माय आली. पैली मेली का दुसरीनं तिच्या नावाचं सोनं गर्‍यात घालाव, अशी रीत होती आपल्यात. मंग हे पुतरी तिच्या मारेत, मधात ओवली. शालू, आंघोर झाली का तुही माय पैले हिले कुंकू लावे, मंग सोताले. पोराईले सांगे नाई. सवतीचं नाव तोंडानं घेत नसत."

ताई, मला आई दिसली. न्हाणीघरातून आली की ओल्या केसांनी आरशासमोर उभी राहायची आणि करंगळी आधी गळ्याकडे न्यायची, मग कपाळाकडे. मला वाटायचं, कुंकू सांडू नये म्हणून बोट पुसते. रोज बघत होते मी. तूही बघत होतीस.

"ही तुही." आईने तुला तुझी आई परत दिली होती. वर्षानुवर्षं आपल्या गळ्यात वागवलेली सवत तिने काढून जिची होती तिला दिली, आणि सांगायला तिच्याकडे दोनच शब्द होते. तुझं बरोबर होतं, ताई. निवडूनच दिली होती. आणि मी जन्मभर तुला ते शब्द तुसडेपणाने म्हणून दाखवत राहिले. ज्या दिवशी तुझं खरं ठरलं, त्या दिवशी ऐकायला तू नाहीस.

तरीही मी आत्याला विचारलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "पण आईने तिला एकच का दिली? बाकीच्यांतल्या का नाही दिल्या?" आत्याने पुतळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "ते तुही माय जाने."

तेव्हा वाद अर्धा मिटला आहे, अर्धा नाही.

मनोहर उठला. आत्याच्या हातातून पुतळी घेतली, मीनापाशी गेला आणि तिच्या हातात ठेवून तिची मूठ बंद केली.

"मामा, मम्मीने आपको दिया है," मीना म्हणाली.

"मले भेटली," तो म्हणाला. "माह्या बहिणीनं मले देली, मी घेतली. आता मी तुले देऊन राहिलो." तसाच बाहेर गेला, फाटकाशी उभा राहिला. जेवायला बोलावलं तेव्हा आला आणि पोटभर जेवला. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. तुझ्या घरी जेवला, ताई.

मीना ती आता गळ्यात घालते, नव्या काळ्या दोऱ्यात. जामुलच्या शाळेत शिकवायला जाते तीही तशीच. रायपूरच्या त्या गृहस्थांनी फोन करून विचारलं की नाणं नीट आहे ना. मीनाने सांगितलं, "हां, नानी ठीक हैं." तिला नाणं म्हणायचं होतं की आजी, ते त्यांना कळलं नसावं. आईने वर्षानुवर्षं कुंकवाचं बोट लावलं ते त्या दाढीवाल्या मालगुजाराच्या तोंडाला, आणि मनात होती यमू. त्या सरदाराने आपलं नाव राहावं म्हणून सोन्यावर तोंड छापलं असेल. आपल्या घरी मात्र तो तुझ्या आईच्या नावाने राहिला.

आणि एक सांगायचं राहिलं. मनोहर निघताना तुझ्या खोलीत गेला. मला वाटलं, नमस्काराला गेला असेल. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तुझा चष्मा होता, तो एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"हा मी नेऊ का?" त्याने विचारलं.

"काय करशील त्याचं?"

"माहाही नंबर तोच हाये," तो म्हणाला.

त्याचा स्वतःचा चष्मा त्याच्या वरच्या खिशातून दिसत होता. चांगला जाड भिंगांचा, तुझ्याहून दुप्पट नंबरचा. मी तुझा चष्मा रुमालात बांधून दिला.